‘सिट-इन’ला मराठीत काय म्हणावं? ठिय्या, धरणं की आणखी काही?

प्रश्न : १९६०च्या दशकातल्या अमेरिकेवर लेख लिहितोय. केनेडींची हत्या, व्हिएतनाम, चंद्रावरचं पाऊल, सगळं मराठीत बसलं. गाडी अडलीय ती ‘सिट-इन’पाशी, म्हणजे मनाई असलेल्या जागी जाऊन बसून राहायचं ते आंदोलन. ‘ठिय्या आंदोलन’ चालेल? की ‘धरणं’ बरं?

प्रतिसाद : ठिय्या. बिनधास्त लिहा, शेंबड्या पोरालाही कळेल.

प्रतिसाद : कळेल, पण भलतंच कळेल. ठिय्या म्हटलं की तहसील कचेरीचं फाटक आठवतं. सतरंजी, निवेदन, ‘साहेब बाहेर येईपर्यंत हलणार नाही’. धरणं त्याहून जुनं. ज्याचं येणं थकलंय त्याने देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसून राहायचं, ही त्याची मूळ रीत. दोन्हींत बसणं हा नुसता दाब. मागणी वेगळीच असते, पगाराची, पाण्याची, कर्जाची.

ग्रीन्सबरोत काय झालं ते बघा. १ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलायना. कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी, एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड, वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी किरकोळ वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरपुढे स्टुलांवर बसून कॉफी मागितली. तिथे बसायचा मान फक्त गोऱ्यांना. एका गल्ल्यावर आमचे पैसे चालतात, मग दुसऱ्यावर का नाही, हे विचारायला हातात पावती होती! कॉफी आली नाही आणि दुकान बंद होईपर्यंत पोरं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली. आठवडा संपायच्या आत शेकडो झाली.

म्हणजे मागणी ‘इथे बसू द्या’ आणि कृती ‘हे बसलो’. दोन्ही एकच. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं महाड. २० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी पाणी मागितलं नाही, ते प्यायले. म्हणून माझं मत ‘बैठा सत्याग्रह’.

प्रतिसाद : ‘बैठा’मुळे बैठा संप वाटेल. तो अमेरिकेत आधीच होऊन गेला होता. १९३६-३७ साली मिशिगनमधल्या फ्लिंटला जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच बसून राहिले, त्याला ‘सिट-डाउन स्ट्राइक’ म्हणतात. शिवाय ‘सत्याग्रह’वर गांधींची मोहर आहे. ती परक्यांच्या लढ्यावर आपण का उठवायची?

प्रतिसाद : आपण नाही, त्यांनीच उठवून घेतलीय. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या सिट-इनसाठी पोरं तयार केली ती जेम्स लॉसन यांनी. हे गृहस्थ १९५३ ते ५६ अशी तीन वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, मेथडिस्ट मिशनरी म्हणून. गांधींचा अहिंसेचा मार्ग त्यांनी इथे राहून अभ्यासला. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार सुरू केल्याची बातमी त्यांनी वाचली तीसुद्धा ‘नागपूर टाइम्स’मध्ये. (नागपूरकरांनो, कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

परत गेल्यावर त्यांनी नॅशव्हिलला चर्चच्या तळघरात शिकवण्या घेतल्या. पोरांना खुर्च्यांवर बसवायचं, बाकीच्यांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, ओढून खाली पाडायचं. बसणाऱ्याने हात उचलायचा नाही. प्रत्यक्षात बसायची वेळ आली तेव्हा विद्यार्थ्यांसाठी नियमांचा कागद निघाला. उलट मारू नका, शिवीला शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा. शेवटी येशू, गांधी आणि मार्टिन ल्युथर किंग यांची शिकवण लक्षात ठेवा, असं लिहिलेलं. लॉसन यांना यापायी, ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. पण १० मे १९६०ला नॅशव्हिलमधल्या मोठ्या दुकानांनी काउंटर सगळ्यांना खुले केले. ग्रीन्सबरोच्या वूलवर्थला त्यासाठी २५ जुलै उजाडावा लागला. तिथे पहिलं ताट वाढलं गेलं ते त्याच दुकानात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांपुढे. आता याला तुम्ही ‘ठिय्या’ म्हणणार?

प्रतिसाद : एक पुरवणी. पुढे हे ‘इन’ शेपूट कशालाही लागलं. गोऱ्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर पाण्यात उतरले की ‘वेड-इन’, गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेले की ‘नील-इन’. मार्च १९६५मध्ये मिशिगन विद्यापीठात व्हिएतनामवर रात्रभर व्याख्यानं झाली, तो ‘टीच-इन’. १९६७ला सॅन फ्रान्सिस्कोत हिप्पींचा ‘बी-इन’, म्हणजे नुसतं असायचं. आणि १९६९ला बीटल्सचा जॉन लेनन व त्याची बायको योको ओनो शांततेसाठी हॉटेलच्या पलंगावर बसले तो ‘बेड-इन’! या सगळ्यांना ‘सत्याग्रह’ लावून बघा.

प्रतिसाद : मान्य, बेड-इनला सत्याग्रह म्हणणं अवघड आहे. ‘पलंग आंदोलन’ म्हणा आणि सोडून द्या. आपलं ‘रोको’ही असंच कुठेही चिकटतं, रास्ता रोको, रेल रोको. पण तिकडच्या तुरुंगवासाला ‘जेल भरो’ म्हणताना जपून. साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलला १९६१ साली काउंटरवर बसलेल्या नऊ जणांनी दंड भरायला नकार देऊन ३० दिवसांची सक्तमजुरी भोगली. आपल्या जेल भरोत पुष्कळदा संध्याकाळी सोडून देतात.

प्रतिसाद : काउंटरवरच्या भेदाला मात्र ‘वांशिक विलगीकरण’ लिहू नका हो, करोना वॉर्ड वाटतो. ‘पंक्तिभेद’ हा घरचा शब्द असताना उसनवारी कशाला?

प्रतिसाद : पंक्तिभेद खाण्यापुरता ठीक. बस, शाळा, पोहण्याचा तलाव यांना नाही चालणार. तिथे ‘वर्णभेद’च. २ जुलै १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, थिएटरं, मुक्कामाच्या जागा सगळीकडचाच भेद बेकायदा ठरवला. त्या परिच्छेदात पंक्तिभेद लिहिलंत तर अर्धा कायदा बाहेर राहील.

प्रश्नकर्ता : आभार. पहिल्यांदा ‘सिट-इन, म्हणजे बैठा सत्याग्रह’ लिहितो, पुढे नुसतं ‘सिट-इन’. ग्रीन्सबरोच्या परिच्छेदात पंक्तिभेद, बाकी ठिकाणी वर्णभेद. लिंग कोणतं ठेवू, तो, ती की ते?

प्रतिसाद : सत्याग्रह पुल्लिंगी, म्हणून ‘तो सिट-इन’.

प्रतिसाद : आंदोलन नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते सिट-इन’. आणि मथळ्यात मी अजूनही ठिय्याच देईन.