मदत हवी आहे: प्रोट्रेमध्ये कोकोपीटऐवजी शेणखत, ईसी (क्षारांचं प्रमाण) कसा कमी करू?

नमस्कार मंडळी, जुन्नर भागात शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं करतो, ९८ कप्प्यांचे ट्रे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दरवेळी विकत आणायचं आणि घरचं शेणखत गोठ्यामागे पडून, म्हणून निम्मं तरी कोकोपीट कमी करायचंय.

खत गाई-म्हशीचं आहे, वर्षभर कुजलेलं, अधूनमधून पालटलेलं, ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) सोडलेला, बारीक चाळणीने चाळलेलं. हातात घेतलं की काळं भुसभुशीत, वास अजिबात नाही. तरीपण निम्मं खत निम्मं कोकोपीट भरलेल्या ट्रेत मिरची उशिरा आणि विरळ उगवली, टोमॅटो उगवला पण पहिल्या खऱ्या पानांच्या कडा करपल्या, आणि झारीने पाणी दिलं की वर पापडी धरते. शेजारी नुसत्या कोकोपीटचा ट्रे आहे, तेच बियाणं, तेच पाणी, तो एकदम मस्त, त्यामुळे बियाण्याचा किंवा पाण्याचा दोष नाही. मर रोग पण नाही, मुळं पांढरी आहेत फक्त आखूड राहिलीत. एक भाग खत पाच भाग पाण्यात कालवून ईसी मोजला तर २.८ आला, माझ्या मते सगळं इथेच अडलंय, गोमूत्राचे क्षार असणार.

परलाइट, व्हर्मिक्युलाइट (मिश्रण हलकं करणारी खनिजं) परवडत नाही. भाताचं तूस मात्र भरपूर मिळतं.

तर ज्यांनी स्वतः ट्रेमध्ये करून पाहिलंय त्यांनी सांगा: कोकोपीट धुतो तसं शेणखत धुतलं तर ईसी पुरेसा उतरतो का, की सगळं नत्रच वाहून जातं? की न धुता खत २० टक्क्यांवर आणून पापडीसाठी जळकं तूस मिसळावं, आणि मिसळायचं तर किती?