जर्मनीला एमएस: कन्सल्टंट घाई करतोय, आधी नक्की काय करायचं?

सातपूरवाले_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी मेकॅनिकल बीई झालीये, पुणे विद्यापीठाची डिग्री, सध्या नाशिकला अंबडच्या एका कंपनीत डिझाइनला आहे. आता म्हणते पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीला मास्टर्सला जायचंच. कॉलेज रोडला एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो, तो म्हणे सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा आणि या आठवड्यात टोकन भरा नाहीतर सीट जाईल. युनिव्हर्सिटी प्रायव्हेट आहे, फी लाखांत. मी तर ऐकलं होतं तिकडे शिक्षण फुकट असतं? वर ब्लॉक अकाउंटचे बारा लाख वेगळे, ते परत मिळतात की गेले? आमच्यात कोणी बाहेर गेलेलं नाही त्यामुळे काय विचारायचं तेही कळत नाही, सांभाळून घ्या.

पंचवटी_ते_ड्रेस्डेन
काका आधी टोकन भरू नका. बऱ्याच कन्सल्टंटना प्रायव्हेट युनिव्हर्सिटीकडून कमिशन असतं म्हणून ते "फ्री सर्व्हिस" देतात आणि पोरांना तिकडेच ढकलतात, सरकारी युनिव्हर्सिटीचं नावसुद्धा काढत नाहीत. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, दर सेमिस्टरला थोडं कॉन्ट्रिब्युशन भरायचं. अपवाद आहेत हं, स्टुटगार्ट, कार्ल्सरुह ज्या राज्यात येतात त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1500 युरो लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने पण 2024 च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी चालू केलीये. ताईला म्हणा डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था) साइटवर कोर्स शोध, तिथे इंग्लिशमधले कोर्स आणि फी दोन्ही दिसतात.

ब्लॉक अकाउंटचे पैसे तुमचेच असतात हो. वर्षाचे 11,904 युरो भरायचे आणि पोहोचल्यावर तिला महिन्याला 992 युरो मिळत राहतात, घरभाडं जेवण सगळं त्यातूनच. म्हणजे फी नाहीये ती, खर्चाचीच रक्कम आधी दाखवायची.

गंगापूररोड_९
वरचं सगळं बरोबर पण पहिलं काम एपीएस!! नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या पोरांना व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट लागतं, त्यांचं ऑफिस दिल्लीत आहे, फी 18,000 भरली होती आम्ही. तुमच्या मार्कशीट डिग्री खऱ्या आहेत का ते तपासतात. बऱ्याच युनिव्हर्सिटी अर्जासोबतच मागतात त्यामुळे ॲडमिशन आल्यावर बघू म्हणालात तर तारीख निघून जाते. हिवाळी सेमिस्टरला बऱ्याच ठिकाणी 15 जुलै शेवटची तारीख असते पण मास्टर्सला कितीतरी कोर्स मार्च-मे मध्येच बंद होतात. आणि कोणी एजंट अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, भारताचं अपोस्टिल जर्मनी मानतच नाही.

अजून एक, नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग मुलीचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. माझ्या भाच्याने एका फॉर्ममध्ये मार्कशीटप्रमाणे भरलं आणि दुसऱ्यात पासपोर्टप्रमाणे, मग ईमेलवर ईमेल. एपीएस, युनिव्हर्सिटी, ब्लॉक अकाउंट, इन्शुरन्स, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच, एक अक्षर इकडेतिकडे नको. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचं एकत्र पत्रक) पण आत्ताच मागवून ठेवा, विद्यापीठाचं काम आहे, कधी होईल सांगता येत नाही 🙂

सातपूरवाले_बाबा
खूप धन्यवाद, एपीएसचं तर त्या माणसाने नावच काढलं नव्हतं. लोन घ्यावं लागेल, बँकवाले म्हणतात पैसे पाठवताना टॅक्स कापतात, ते काय? आणि व्हिसाला मुंबईला किती वेळा जावं लागतं?

बँकेतला_माणूस_नाशिकरोड
टीसीएस म्हणत असतील ते, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो टॅक्स. बँकेकडून शैक्षणिक कर्ज काढून पाठवलंत तर टीसीएस लागत नाही. स्वतःचे पाठवले तरी आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत काही नाही, त्याच्या वरच्या रकमेवर कापतात, पण रिटर्न भरताना तो ॲडजस्ट होतो, बुडत नाही. कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट आठ वर्षं मिळते, फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत.

आता खरी गोम. ब्लॉक अकाउंटला पैसे पाठवताना फॉर्मवर चार्जेस कोण भरणार ते विचारतात, तिथे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे असं टिक करा. नाहीतर मधली बँक आपलं कमिशन कापून घेते आणि तिकडे 20-30 युरो कमी पोहोचतात, मग रक्कम पूर्ण नाही म्हणून कन्फर्मेशन लेटर अडकतं, त्याच्याशिवाय व्हिसाची फाइल पूर्ण नाही. बँकेच्या काउंटरवरची पोरगी घाईत तुम्ही घाईत, ही ओळ कोणी वाचत नाही. थोडे जास्तच पाठवा. आणि मुलीचा इंडियन नंबर रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येणार.

पंचवटी_ते_ड्रेस्डेन
व्हिसाला बायोमेट्रिकसाठी तिलाच जायचंय, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली की त्याच दिवशी परत येता येतं, फक्त अपॉइंटमेंटची वेळ दुपारची घ्या. फाइल नीट लावा कारण जुलै 2025 पासून रिजेक्ट झाल्यावर तिथेच फेरविचाराचा अर्ज करायची सोय बंद केलीये, म्हणजे नव्याने अर्ज नाहीतर जर्मनीत कोर्ट.

ॲडमिशन आलं की त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या सरकारी हॉस्टेलला अर्ज टाका, रांग मोठी असते. फोटो बघून डिपॉझिट पाठवू नका, फसवणारे टपलेलेच आहेत. घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं पत्र लागतं.

सामानात कांदा-लसूण मसाला, चिवडा बिनधास्त न्या. तूप, पेढे, ताजा कढीपत्ता नको, युरोपात बाहेरून दुधाचं न्यायला बंदी आहे. आपली द्राक्षं कंटेनरने युरोपात जातात पण सर्टिफिकेटशिवाय बॅगेतून नाही चालत बरं का 😀 कुकर न्यायचा तर बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच तिकडच्या इंडक्शनवर चालेल. आणि चष्म्याची एक जादा जोडी, तिकडे फार महाग पडतो.

सातपूरवाले_बाबा
टोकनचं नाही म्हणून आत्ताच फोन केला, चिडला जरा. मुलीला धागा पाठवलाय, ती एपीएसचा फॉर्म उघडून बसलीये. वयाचं एक विचारायचं होतं, ती 27 ची आहे, काही अडचण?

गंगापूररोड_९
काही नाही. तिशीच्या आत स्टुडंट रेटने तिकडचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स मिळतो, तिशीनंतर तो महाग पडतो. म्हणून पुढच्या वर्षी बघू म्हणत ढकलू नका एवढंच.