समूहगानाला पियानोची साथ: वाजवणारी मुलं थांबतात, गाणारी पुढे जातात (बडोदे)

कारेलीबागकर

नमस्कार मंडळी. कारेलीबागेत आमच्या सोसायटीतल्या आणि आजूबाजूच्या मुलांचं समूहगान बसवते. बावीस मुलं, वय सात ते तेरा, साधारण निम्मी मराठी, साधारण निम्मी गुजराती, आणि दोन मल्याळी बहिणी. 1 मेला कार्यक्रम आहे. महाराष्ट्र दिन आणि गुजरात दिन एकाच तारखेला, त्यामुळे दोन्हीकडचे आजोबा खूश.

आजवर पेटी मीच वाजवायचे. यंदा पियानो शिकणारी तीन मोठी मुलं मिळाली म्हणून साथ त्यांच्यावर सोपवायचं ठरवलं. एका पालकांनी घरचा डिजिटल पियानो हॉलमध्ये आणून ठेवलाय.

आता अडचणी. पहिली चौदा वर्षांची, पियानोची पाचवी ग्रेड (परीक्षा) झालेली, हात अगदी स्वच्छ. पण चुकली की थांबते आणि ती ओळ पहिल्यापासून नीट वाजवून दाखवते. तोवर मुलं पुढच्या कडव्यात. दुसरा बारा वर्षांचा. गाण्याची चाल उजव्या हाताने बडवतो, मुलांचे शब्दच ऐकू येत नाहीत. तिसरा दहावीचा, सगळ्यांत तयार, पण कागदातून मान वर काढत नाही. माझा हात केव्हा खाली आला याचा त्याला पत्ता नसतो.

पट्टीचाही घोळ आहे. मुलांना मी काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) शिकवलंय. दहावीवाला म्हणतो, त्यात कागदावर पाच फ्लॅट (स्वर उतरवायच्या खुणा) येतात, पांढरी एक घ्या. ट्रान्स्पोजचं, म्हणजे सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवायचं बटण दाबलं तर मुलगी चिडते, "मी दाबते एक आणि वाजतं दुसरंच." त्यात पालकांचं म्हणणं, तिघांना सारखी गाणी द्या.

"सराव वाढवा" हे उत्तर कृपया नको. रविवारी सकाळी दीड तास मिळतो, आणि उशिरा येणारे सेव-उसळ खाऊन, तिखटाने सूं-सूं करत येतात.

---

फतेगंजचा ऑर्गनवाला

ताई, शाळेत असल्यापासून चर्चमध्ये वाजवतोय, म्हणून लिहितो. तुमची मुलगी थांबते यात तिचा दोष कमी, तालमीचा जास्त. घरी एकटीने वाजवताना चुकलं की मागे जायचं, हीच सवय लागते. तिने एबीआरएसएमची (संगीताच्या ग्रेड परीक्षा घेणारी ब्रिटिश संस्था) नेहमीची परीक्षा दिली की परफॉर्मन्स ग्रेड, ते विचारा. नेहमीच्या परीक्षेत 150 पैकी 21 गुण न पाहिलेला तुकडा वाजवण्याला असतात, त्याआधी तो बघायला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. 2020 पासून जी परफॉर्मन्स ग्रेड निघाली तिच्यात हा भागच नाही, चार तयार तुकडे वाजवायचे. मुलगी या वाटेने आली असेल तर चालत्या गाडीत कागद वाचायची वेळ तिच्यावर आलेलीच नसणार.

उपाय सांगतो. जुनं पोस्टकार्ड घ्या, तिच्या शेजारी उभे राहा आणि ती वाजवेल तसतसे मागचे स्वर झाकत जा. झाकलेलं दिसत नाही, म्हणजे मागे जायची सोयच नाही. चुकली तर उजवा हात उचलायचा, डावा चालू ठेवायचा. डाव्या हाताने समेवर एकेक स्वर जरी पडत राहिला तरी बावीस मुलं सुटणार नाहीत. दोन्ही हात थांबले की संपलं.

छापील साथ जशीच्या तशी वाजवायचा हट्ट सोडा. डाव्या हातातले ऑक्टेव्ह (एकच स्वर खाली-वर जोडीने) काढून एकेरी स्वर ठेवा, उजव्या हाताला मधले दोन स्वर पुरेत. चौदा वर्षांच्या बोटांना त्यामुळे मान वर करायला उसंत मिळते. मी तर पेन्सिलीने बिनधास्त खोडतो.

सुरुवातीला वेगळं संगीत रचत बसू नका. आम्ही कडव्याची शेवटची ओळ वाजवतो. लय, पट्टी आणि श्वास कुठे घ्यायचा, तिन्ही गोष्टी मुलांना तेवढ्यात कळतात.

---

पेटीवाले काका

मुळात पियानो कशाला, हा माझा प्रश्न. राग मानू नका. समूहगानात मराठी चाली असणार, त्यांत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं असणार, आणि पियानोत बोटांखालच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. पेटीतही नाही, हे मान्य. त्याच कारणावरून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला 1971 उजाडलं. पण पेटीचा स्वर भात्यावर धरून ठेवता येतो, पियानोचा वाजवल्या क्षणापासून विरायला लागतो. संथ ओळीत मूल एकटं पडतं.

तरीही तुमचं ठरलंच असेल तर जिथे मुलं स्वर ओढून नेतात तिथे पियानोवाल्याने गप्प बसावं. एक षड्ज देऊन हात मांडीवर. ही गोष्ट त्या बारा वर्षांच्या पोराला आधी शिकवा.

पट्टीबद्दल. काळी एकचा आग्रह पेटीवाल्यांचा, कारण आमची बोटं तिथे बसलेली असतात. पियानोच्या कागदाला ती अडचणीची. अर्ध्या स्वराने वर जाऊन पांढरी दोन घ्या. कागदावर दोनच शार्प (स्वर चढवायच्या खुणा) येतात, बटण लागत नाही, मुलीचे कान शाबूत राहतात. गाणं वर तार षड्ज-रिषभापर्यंतच जात असेल तर सात वर्षांची मुलंही ओरडणार नाहीत. गांधाराच्या वर जाणारं असेल तेवढंच पांढरी एकमध्ये उतरवा. सगळ्या गाण्यांना एकच पट्टी हवी हा नियम कुठे आहे?

आणखी एक. दादऱ्यातलं गाणं पियानो शिकणारी मुलं सहा आठांश (6/8) असं वाचतात आणि सहाही मात्रा सारख्या ठोकतात. त्यांना म्हणावं, हा गरब्याचा ठेका हींच आहे, गरब्याला टाळ्या कशा देता तसं. बडोद्याचं पोर आहे, नवरात्रात नऊ रात्री अंगातून काढलेलं असतं, लगेच कळेल.

आपल्या गावात गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली. सुरसागर तलावासमोरच्या त्या इमारतीत आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. मौलाबक्ष स्वतः आपल्याकडच्या गाण्याचं नोटेशन करत, म्हणजे स्वर कागदावर लिहीत होते. तेव्हा कागदावरून वाजवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कान बंद करून वाजवण्याशी.

---

निम्मा_पेडल

मी अकरावीत आहे, गेली काही वर्षं शाळेच्या समूहगानाला वाजवते. काका, पियानो गप्प बसावा हे पटलं, पण "पियानो कशाला" हे नाही 🙂 आम्ही शिकतोच ते वाद्य, मग आणखी काय वाजवणार?

ताई, दहावीवाला मान वर करत नाही कारण पियानो कदाचित भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. आमच्याकडे तसाच होता. प्लग तिथे म्हणून पियानो तिथे. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि कागदाच्या वरच्या कडेवरून तुमचे हात दिसतील असा पियानो फिरवा. मग मान हलवावी लागत नाही, डोळे उचलले की पुरतं.

त्याला एक दिवस पियानोवर बसवूच नका. मुलांमध्ये उभं करून गायला लावा. मला आमच्या बाईंनी असंच केलं होतं आणि मला अपमान वाटला होता. पण कुठल्या शब्दाला श्वास संपतो ते गाताना पोटाला कळतं, कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. त्यानंतर डाव्या हाताने खालचे स्वर वाजवत तोंडाने गाणं म्हणायचं. सुरुवातीला भयंकर होतं.

चाल वाजवायची की नाही? शिकवताना हो. पाठ झाल्यावर नाही. दोन गट वेगवेगळे स्वर गातात तिथे मात्र खालच्या गटाची चाल हळूच द्यावी, कारण वरच्या गटाला कोणी सांगावं लागत नाही.

स्वर लांबवणाऱ्या पेडलवरून बारा वर्षांच्या मुलाचा पाय उचलायलाच लावा. हॉलमध्ये आधीच घुमतं.

---

कारेलीबागकर

सगळ्यांचे आभार. काल बरंच करून पाहिलं.

पियानो भिंतीकडेच होता! फिरवला. मुलीची परीक्षा परफॉर्मन्स ग्रेडचीच निघाली. पोस्टकार्ड घरात सापडेना, लग्नाची पत्रिका वापरली. पहिल्यांदा रडकुंडीला आली, मग तिला त्यात मजा वाटायला लागली आणि शेवटी स्वतःच म्हणाली, "काकू, जरा लवकर झाका." पांढरी दोनमध्ये मुलं न बोलता गेली, एकालाही फरक कळला नाही.

हींच म्हटल्यावर बारा वर्षांचा इतका खूश झाला की आता प्रत्येक गाणं हींचमध्ये वाजवतो, आठ मात्रांच्या कहरव्यातलंसुद्धा.

काका, पेटी मी बंद करत नाहीये. दोन संथ गाण्यांना पेटीच राहील आणि ती मी वाजवेन. ऑर्गनवाले दादा, शेवटच्या ओळीचा प्रकार छान जमला, पण एका गाण्याची शेवटची ओळ इतकी खाली संपते की पहिला स्वर मुलांना सापडत नाही. तिथे काय करता?

सारख्या वाटणीचं मात्र मी पालकांना नाही म्हणणार आहे. दहावीवाल्याची परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत आहे, त्याला दोनच देणार. मुलीला चार. छोट्याला एक, आणि बाकी वेळ तिच्या शेजारी बसून पानं उलटायची. यावर त्याची आई बोलली नाहीये, बोलेल.

---

फतेगंजचा ऑर्गनवाला

ओळ वाजवून झाली की पहिला स्वर एकटा, स्वच्छ, एकदाच द्यायचा, आणि मुलीने तुमच्याकडे बघायचं. हात तुम्ही टाकायचा. सवय होईपर्यंत तो स्वर मुलांकडून "म्‌म्‌" असा गुणगुणून घ्या.

पानं उलटणारा नेमलात हे उत्तम. त्याला आधी पान वाचायला लावा, नाहीतर तो गाणं ऐकत बसतो आणि उलटायचं विसरतो.

---

निम्मा_पेडल

आणि 1 मेला हॉलचे पंखे फुल्ल असणार. पानं उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे न्या, लाकडी नकोत, प्लॅस्टिकचे. लाकडी आवाज करतात.

---

पेटीवाले काका

छोट्याच्या आईला माझ्याकडे पाठवा. पानं उलटणाऱ्याला संपूर्ण गाणं वाचता यावं लागतं, वाजवणाऱ्याला निम्मंही चालतं, असं सांगतो. कहरव्यातली हींच मात्र एकदा ऐकायला येणार. रविवारी किती वाजता?