मदत हवी आहे: अर्थ तोच, तरी ‘बिफोर’ची जात का बदलते?

माझी मुलगी मराठी माध्यमात आठवीला आहे. नाउन म्हणजे नाम, प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, कंजंक्शन म्हणजे उभयान्वयी अव्यय, अशा जोड्या लावत ती इंग्रजीतील शब्दांच्या आठही जाती एका दमात म्हणून दाखवते. प्रत्यक्ष वाक्य समोर आले की मात्र गाडी अडते, आणि या वेळी जिथे अडली तिथे मीही अडकले आहे.

चाचणीत अधोरेखित शब्दाची जात ओळखायची होती आणि दोन वाक्ये लागोपाठ दिली होती: ‘वी केम होम बिफोर सनसेट’ आणि ‘वी केम होम बिफोर द सन सेट’. तिने दोन्ही ठिकाणी ‘बिफोर’ला प्रिपोझिशन म्हटले. पहिले उत्तर बरोबर ठरले. दुसऱ्यावर लाल शाईने फुली मारून शेजारी ‘कंजंक्शन’ एवढेच लिहिले आहे. कानाला तर दोन वाक्यांत एका ‘द’चाच काय तो फरक.

तिचा युक्तिवाद मला खोडता आला नाही. तिने वहीत दोन्हींचे मराठी एकाखाली एक लिहून दाखवले: ‘आम्ही सूर्यास्तापूर्वी घरी आलो’ आणि ‘आम्ही सूर्य मावळण्यापूर्वी घरी आलो’. ‘पूर्वी’ दोन्हीकडे आधीच्या शब्दाला चिकटले आहे, म्हणजे दोन्हीकडे शब्दयोगीच. ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ यांच्या पंगतीत ‘पूर्वी’ बसलेले तिने कधी पाहिलेले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. शिवाय याच वाक्यातल्या ‘होम’ला तिने नाम म्हटले होते, तेही चूक ठरले आहे, अपेक्षित उत्तर क्रियाविशेषण असे होते. जात ठरवताना नेमके काय पाहायचे, हे कोणी मुलीला समजेल अशा रीतीने सांगू शकेल का?

प्रतिसाद:

ताई, आपल्या मुलीचे मराठी व्याकरण पक्के आहे आणि घोळ नेमका त्यामुळेच झाला आहे. मराठीतले ‘पूर्वी’ हे अव्यय ‘मावळला’ या क्रियापदाला तसेच्या तसे चिकटत नाही. आधी ‘मावळणे’ असे नाम करावे लागते, मग त्याचे ‘मावळण्या’ हे सामान्यरूप होते आणि त्यानंतर ‘पूर्वी’ लागते. इंग्रजीत ही खटपट नाही. तिथे ‘बिफोर’पुढे कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद यांसह अख्खे वाक्य उभे राहते, आणि असे वाक्य मुख्य वाक्याला जोडणाऱ्या शब्दाला शालेय व्याकरण कंजंक्शन म्हणते. त्यातून उदाहरणही जरा अवघडच निवडलेले आहे, कारण ‘सेट’चे भूतकाळी रूप मूळ रूपासारखेच असल्याने तिथे क्रियापद आहे हे चटकन जाणवत नाही. ‘बिफोर द ट्रेन लेफ्ट’ असे वाक्य घेऊन पाहा. त्यातले ‘लेफ्ट’ लपून राहत नाही.

तिला अर्थ बाजूला ठेवून ‘बिफोर’च्या पुढे काय आले आहे तेवढेच पाहायला सांगा. नुसते नाम असेल तर प्रिपोझिशन, कर्ता आणि क्रियापद असेल तर कंजंक्शन, आणि ‘आय हॅव सीन हिम बिफोर’ यातल्यासारखे पुढे काहीच नसेल तर क्रियाविशेषण. ‘आफ्टर’ आणि ‘सिन्स’ यांनाही हीच कसोटी लागते. ‘होम’चे म्हणाल, तर शाळेत येण्यासाठी इंग्रजीला ‘केम टू स्कूल’ असे ‘टू’ लागते, पण ‘केम होम’मध्ये ते येत नाही, म्हणजे तो शब्द एकटाच ‘घरी’ हा अर्थ देतो आणि कुठे आलो ते सांगतो. ‘आवर होम’ म्हटले की तोच पुन्हा नाम होतो.

मात्र तिचे उत्तर वेडगळ होते असे तिला वाटू देऊ नका. शब्द तोच आणि अर्थ तोच असताना पुढे नाम आले की एक जात आणि वाक्य आले की दुसरी, या विभागणीवर ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने 1924 मध्येच आक्षेप घेतला होता, आणि 2002 साली निघालेले केंब्रिजचे मोठे इंग्रजी व्याकरण दोन्हीकडच्या ‘बिफोर’ला प्रिपोझिशनच मानते. परीक्षेत अर्थातच कंजंक्शन लिहावे. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेच इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्यामुळे दोन्ही भाषांतल्या नावांच्या जोड्या जुळतात, पण एकेका शब्दाचे काम जुळेलच असे नाही.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. ट्रेनचे वाक्य तिला लगेच पटले. लागलीच तिने विचारले की ‘बिफोर लीव्हिंग’मध्ये काय म्हणायचे, कारण ‘लीव्ह’ तर क्रियापद आहे आणि पुढे कर्ता कुठेच दिसत नाही. यावर काय सांगू?

प्रतिसाद:

प्रिपोझिशन. ‘लीव्हिंग’ म्हणजे ‘निघणे’, क्रियापदापासून झालेले नाम. तिच्या वहीत ‘निघण्यापूर्वी’ असे लिहा. इथे इंग्रजी मराठीच्याच वाटेने चालली आहे.