मदत हवी आहे: चौदा वर्षांचा मुलगा, उशिराची झोप आणि आजोबा

इंदूरकर मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही लोकमान्य नगरात राहतो. मुलगा 14 चा. आवाज फुटलाय, पँटी बघता बघता आखूड होतायत, आणि रात्री बारापर्यंत झोप म्हणून येत नाही. मोबाइल साडेनऊलाच काढून घेतो, तरी पठ्ठ्या छताकडे बघत पडलेला! सकाळी शाळेची बस सव्वासहाला. एका हातात मोजा, समोर पोह्यांची बशी, डोळे मिटलेले.

सासरे म्हणतात, "शुद्ध आळस. आम्ही पहाटे चारला उठायचो." या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, एक-दोन तास उशिरा स्रवतं आणि झोप मात्र 8 ते 10 तास लागते, हे सांगायला गेलं की "सगळी थेरं!" (उतारवयात जाग लवकर येते, हेही शरीरातल्या त्याच घड्याळाचं काम, पण ते त्यांना सांगायची माझी काय बिशाद.)

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी काय केलं? शाळेतून आल्यावरची झोप बंद केल्याने फरक पडतो का? उशिरा भरणाऱ्या शाळेत कुणी घातलंय का? की आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवू?