दाताला इमर्जन्सी नसते म्हणे!

निद्रानाश:
काल एका महाशयांनी लिहिलं की दात काही एका रात्रीत किडत नाही, त्यामुळे "विमा नाही, दाढ ठणकतेय, काय करू" असं विचारणारे लोक आळशी, वर्षभर दुर्लक्ष करायचं आणि मग गळा काढायचा. त्यावर पटापट अंगठे वर. मी रात्री तीन वाजता तोंडात गार पाणी धरून बसलेला माणूस आहे म्हणून उत्तर देतोय. कीड एका रात्रीत लागत नाही हे मान्य, पण ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली हे एकाच रात्रीत कळतं. आडवं झालं की ठणका दुप्पट, मग बसूनच रात्र काढायची.

तेव्हा नोकरी गेलेली, विमा नोकरीबरोबर गेला. आणि असता तरी काय दिवे लागले असते? आरोग्य विम्यात दात बहुतेक वेळा धरतच नाहीत, अपघातात पडले तर गोष्ट वेगळी. दातांचा वेगळा विमा घ्यावा तर मोठ्या कामासाठी आधी थांबा, वर वर्षाची मर्यादा. म्हणजे आज दुखतंय म्हणून आज विमा काढून काही उपयोग नाही.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. गोळ्या लिहून दिल्या, डेंटिस्टला दाखवा म्हणाले. बिल झालं, दात होता तिथेच. सकाळी तीन दवाखान्यांना फोन केले. दोघांनी रूट कॅनाल, क्राउन, पलीकडची दाढ पण बघावी लागेल, अशी सगळी वरात सांगितली. तिसरीकडे मी सरळ विचारलं, आज फक्त ठणका थांबवण्यापुरतं काय करता येईल आणि तेवढ्याचेच किती होतील? तिथल्या डेंटिस्टबाईने दात उघडला, आतली नस काढली, वर तात्पुरतं सिमेंट भरलं. त्या रात्री झोपलो. हा एक प्रश्न आधी सुचला असता तर कॅज्युअल्टीचे पैसे वाचले असते.

स्पष्टवक्ता:
ते महाशय मीच. तुमची नोकरी गेली त्याचं वाईट वाटलं, पण माझा मुद्दा तसाच आहे. पहिल्यांदा गार लागलं तेव्हा गेला असतात तर साध्या फिलिंगवर भागलं असतं की नाही? फोन बदलायला पैसे असतात, दाताला नसतात.

निद्रानाश:
माझा फोन पाच वर्षं जुना आहे. अजून काही?

डॉ_कवळी:
मी डेंटिस्ट आहे, तेव्हा दोघांकडून शिव्या खायला तयार आहे. निद्रानाश यांनी विचारलेला प्रश्न बरोबरच, नस काढणं आणि पुढचं काम वेगवेगळ्या दिवशी करता येतं. ज्याला तेही झेपत नाही त्याला दात काढणं हा एका बैठकीचा उपाय आहे, त्यात कमीपणा नाही. डेंटल कॉलेजातही जा, विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली काम करतात, वेळ खूप जातो पण खर्च बराच कमी.

पण माझं दुखणं वेगळं आहे. ठणका थांबला की माणूस गायब! तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचं असतं, लोक वर्षभर त्यावर चावतात, मग दात उभा चिरतो, तो काढावा लागतो आणि बाहेर सांगतात की त्या डॉक्टरने दात घालवला.

साधासरळ:
डॉक्टर, एवढं रामायण कशाला. मला अशीच दाढ दुखली होती, विमा नाही आणि डेंटिस्टच्या खुर्चीत बसायची हौसही नाही. घरात अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या होत्या, चार दिवस घेतल्या, खल्लास. दीड वर्ष झालं. फुकटात.

डॉ_कवळी:
याच वाक्यासाठी मी रोज घसा कोरडा करतो. अहो, गोळीने दाढ बरी नाही झाली, नस मेली!! मेलेली नस दुखत नाही एवढंच. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग आतली घाण साफ करणार कोण? नस जिवंत आहे आणि नुसती सुजलीय, तेव्हाही अँटिबायोटिकने ठणका जात नाही. ताप आलाय, सूज पसरतेय, तेव्हा ती हवीच, पण तेव्हाही दात उघडून किंवा काढून पू बाहेर जायला वाट लागतेच.

साधासरळ:
तुम्ही असंच म्हणणार, धंदा आहे तुमचा.

डॉ_कवळी:
हो, आहे ना धंदा. उरलेल्या गोळ्या खाणाऱ्यांवरच तर चालतो, नंतर मोठं काम निघतं. खा अजून.

खवचट_काकू:
भांडा, भांडा. आमच्याकडे ह्यांनी ॲस्पिरिन गिळायची सोडून दाढेपाशी दाबून धरली होती, हिरडी भाजून पांढरीफटक. दाढ दुखतच होती, वर हिरडी.

पण खरं सांगायचंय ते माझ्या दिरांचं. खालची दाढ, त्यांनीही दुकानातून गोळ्या आणल्या, दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी जबड्याखाली सूज, संध्याकाळी ती गळ्यापर्यंत, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. आम्ही डेंटिस्टची वेळ मिळते का बघत बसलो होतो! शेजारच्या नर्सबाई ओरडल्या म्हणून थेट हॉस्पिटलात नेलं. श्वासासाठी नळी घालावी लागली. दाढ काढायच्या पैशांत भागलं असतं ते आयसीयूत गेलं. तेव्हा फुकटात म्हणू नका भाऊ.

डॉ_कवळी:
काकू, ह्यालाच लुडविग्ज अँजायना म्हणतात, लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने 1836 सालीच वर्णन करून ठेवलंय. गळ्याकडे सरकणारी सूज, गिळता न येणं, तोंड न उघडणं, ताप, यातलं काही दिसलं तर विमा, पैसे, अपॉइंटमेंट काही बघायचं नाही, थेट हॉस्पिटल.

तिरकस:
अवांतर: गळा सुजला की तो शरीराचा भाग, दाढ मात्र नाही. 1840 मध्ये बाल्टिमोरला पहिलं स्वतंत्र डेंटल कॉलेज निघालं, तेव्हापासून दातांनी वेगळी चूल मांडली ती मांडलीच, विम्यातही. असो, भांडण चालू द्या.

स्पष्टवक्ता:
काकूंचा किस्सा वाचला. बरं, "इमर्जन्सी नसतेच" हे माझं वाक्य चुकलं, मागे घेतो, घाला हार. आळशी मात्र मागे घेत नाही, साधासरळ यांच्यापुरता तरी ठेवतो.

निद्रानाश:
तेवढ्यावर आपलं एकमत.

साधासरळ:
हसा. डॉक्टर, एक सहज विचारतोय. त्याच दाढेखाली हिरडीवर अधूनमधून पुटकुळी येते, फुटते, खारट लागतं, परत येते. दुखत अजिबात नाही. ते काही नसतं ना?

डॉ_कवळी:
पू आहे तो. दीड वर्ष तिथूनच बाहेर येतोय म्हणून दुखत नाही. या आठवड्यात दाखवा. फोनवर काय विचारायचं ते निद्रानाश यांनी वर लिहिलंय.