विसर्जन मिरवणुकीत ॲम्ब्युलन्स ड्युटी : मदत हवी आहे

मंडळी, अनंत चतुर्दशीला बेळगावात माझी ॲम्ब्युलन्सवर रात्रपाळी आहे, कपिलेश्वर तलावाच्या बाजूला. गेल्या वर्षी एक काका चक्कर येऊन पडले. डॉल्बीच्या दणक्यात स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येईना. शेवटी मनगटाची नाडी चाचपत दंडावरच्या बीपीच्या पट्ट्याची (कफची) हवा सोडली, बीपीचा वरचा आकडा तेवढा मिळाला. पण स्ट्रेचर बाहेर काढताना जीव मेटाकुटीला आला. सायरनही कुणाला ऐकू जात नव्हता.

कुणाचं हृदय बंद पडलं तर? छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, तेही न थांबता. गर्दीतून चालत्या स्ट्रेचरवर ते नीट जमत नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांशी आधी कोणती खूण ठरवावी? टॉर्च, झेंडा? मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी चार पोरं सोबत मिळतील काय? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.